कोतवालाचा कान

कानाचं मला कळतं! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको की बाई, तुम्ही त्या भानगडीत पडल्याच कशाला. आमच्या समुद्रपुरात, बाजाराच्या गल्लीत, कुणाचा कान ठणकला की माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्या ओट्यावर यायचा. जवसाच्या तेलात लसणाची पाकळी तडतडवायची, कोमट करायचं, दोन थेंब सोडायचे आणि वरून कापसाचा बोळा. लेकरू रडत आलं की झोपून जायचं! आता ते बरं होऊन झोपायचं की रडून थकून, हे मी कधी तपासलं नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण झालं ते दुकानात. आमच्या घरच्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, वासुदेवरावांचं, किराण्याचं दुकान. रद्दीचे कागद कापून पुड्या बांधायचं काम माझ्याकडे. बांधायच्या आधी प्रत्येक कागद मी वाचायची. त्यामुळे जगातलं सगळं मला माहीत आहे, पण अर्धं अर्धं! हृदयविकाराची लक्षणं मला तोंडपाठ आहेत. उपाय जिऱ्याच्या पुडीत गेले.

तर अशी मी, आणि असा आमचा कोतवाल.

कोतवाल म्हणजे आमचा कुत्रा. दुकानामागच्या गोदामातली पोती राखायला घरच्यांनी पिल्लू असताना आणला होता. रंग गुळाच्या ढेपेसारखा आणि कान पळसाच्या पानांसारखे, मोठे आणि लोंबते. चोराला तो भुंकला असेल-नसेल, पण गल्लीतल्या सगळ्या पाहुण्यांचं स्वागत त्याने शेपटीने केलं होतं.

त्या साली दिवाळी सरली आणि कोतवालाने कान फडफडवायला सुरुवात केली. साधंसुधं नाही! चालता चालता थांबायचा, पाय रोवायचा आणि फट-फट-फट-फट! ओल्या धोतराचा पिळा दगडावर आपटावा तसा आवाज. मग मागच्या पायाने कान खाजवायचा, मग डोकं एका अंगाला कलतं करून बसायचा, जणू दूर कुठे भजन चाललंय आणि ह्याला एकाच कानाने ऐकू येतंय.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे चाललं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण आमच्या घरी अण्णाजी होते.

अण्णाजी माझे सासरे. मायाळू माणूस. सुनेवर कधी आवाज चढवला नाही. पण घराबाहेर पाऊल टाकताना कुत्र्याने कान फडफडवले की संपलं! अपशकुन! जोडे काढायचे, परत आत यायचं, पाय धुवायचे, पाटावर बसून गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायचं, मारुतीचं नाव घ्यायचं, मग पुन्हा निघायचं. ह्याला आम्ही कुणी हसत नसू. सासूबाईंना दवाखान्यात नेताना गल्लीतल्या कुत्र्याने असेच कान फडफडवले होते. अण्णाजी म्हणाले होते, "चाल, काई नाई होत." सासूबाई परत आल्या नाहीत. तेव्हापासून "काई नाई होत" हे शब्द अण्णाजींनी तोंडातून काढले नव्हते.

आता पाहा कसा योग! तुळशीचं लग्न लागलं, स्थळं पाहायचे दिवस आले. घरात लग्नाची नलू, माझी नणंद. मॅट्रिक झालेली, शिवणकामात तरबेज, आणि जिभेने सुईहून बारीक. अण्णाजी तिच्यासाठी स्थळ पाहायला निघाले की दारात कोतवाल. फट-फट-फट! अण्णाजी परत. पाय धुवून, गूळ खाऊन निघाले की पुन्हा फट-फट-फट! तिसऱ्यांदा निघेपर्यंत एसटी गेलेली.

असं वडनेरचं स्थळ गेलं. आष्टीचं गेलं. आष्टीचा नवरदेव बिजवर होता आणि त्याच्या मिशा फोटोत मावत नव्हत्या. त्या दिवशी नलूने कोतवालाला अख्खी भाकर कुस्करून घातली.

"वहिनी, घरात माह्यं ऐकणारा एकच माणूस आहे," ती म्हणाली, "अन् थो बी चार पायाचा."

आणि मग हिंगणघाटहून ताराचंदचं स्थळ आलं.

ताराचंद ढोरांच्या दवाखान्यात कामाला होता, गावोगाव फिरून गाई-म्हशींना सुया टोचायचा. निरोप आला तेव्हा नलू शिवणयंत्रावर होती. यंत्र थांबलं.

"थो मले माहीत आहे," ती यंत्राकडेच पाहत म्हणाली. "मावशीची म्हैस अडली होती तेव्हा आलता. खांद्यापर्यंत हात भरला होता, अंगावर सारं शेण. अन् रेडकू निघालं तं असा हासला वहिनी, जसा थोच बाप झाला!"

"बरं मग?"

"मंग काय? हा चालते."

एवढं बोलून तिने यंत्र इतक्या जोरात चालवलं की पोलक्याची बाही गळ्याला शिवली गेली. मी उसवून दिली. नलूने कशालाही "चालते" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं होतं.

पाहायला यायचा ऐतवार ठरला. मुलगा येणार, त्याचे वडील सदाशिवराव येणार. सगळं जुळलं होतं, अडचण एकच. बोलणी चालू असताना कोतवालाने कान फडफडवले तर?

"तू काळजी नको करू," मी छातीवर हात ठेवून नलूला सांगितलं. "कान माह्याकडे लागला!"

शनिवारी दुपारी मी मोहीम काढली. जवसाचं तेल, आणि कुत्रा माणसाहून दणकट म्हणून लसूण मूठभर. घरच्यांना म्हटलं, धरा. त्यांनी पुढचे पाय धरले, मी कान उलटा केला. आत पाहते तर काय? काळा काळा चुरा! कोरडा, रवाळ, थेट चहापत्तीसारखा!

"अवो, हा कुत्रा कुठं झोपते?"

"काऊन? गोदामात. पत्तीच्या खोक्याजवळ."

"तरीच! ह्याच्या कानात पाव किलो चहापत्ती भरली आहे! खोकी झाकून ठेवायले काय होते तुम्हाले?"

"अवो, पत्ती कानात कशी जाईन? थो काय कानानं चहा पेते?"

आमचं भांडण रंगलं, आणि भांडता भांडता मी तेल ओतलं. ओतायचं होतं दोन थेंब. कोतवालाने डोकं हलवलं आणि अख्खी वाटी! मग जे झालं ते मी थोडक्यात सांगते. तेल भिंतीवर, तेल घरच्यांच्या चष्म्यावर, तेल साखरेच्या पोत्यावर. कोतवाल पोत्यांच्या मागे जाऊन बसला आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी मला माझ्या आईने विहिरीत ढकलल्यावरही मी तिच्याकडे तसं पाहिलं नसतं. (आईने ढकललं नव्हतं. उपमा आहे.)

आणि फडफड? दुप्पट!

पण हार मानणारी मी नव्हे. ऐतवारी सकाळी मला युक्ती सुचली. कान फडफडतात कशामुळे? मोकळे असतात म्हणून! मी अण्णाजींच्या जुन्या केशरी फेट्याची पट्टी फाडली आणि कोतवालाचे दोन्ही कान डोक्याला चापून, हनुवटीखालून गाठ मारून बांधून टाकले. कुत्रा अगदी बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसू लागला.

"पाव्हण्यायनं पाह्यलं तं समजतीन, नवरदेव बदलला," घरचे म्हणाले.

"कोण पाहते? गोदामात कोंडते मी."

कोंडला. कडी लावली.

पाहुणे आले. सदाशिवराव पांढऱ्याशुभ्र धोतरात, वजनदार माणूस. बोलायच्या आधी घसा साफ करायचा आणि साफ करून झाला की बोलायचं विसरायचा. ताराचंद सावळा, उंच, हातांना औषधाचा वास. नलूने पोहे दिले, खाली मान घालून बसली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला भीती वाटायला हवी होती.

शेजारच्या देवकाबाई मदतीला आल्या होत्या. बाई चांगल्या, पण त्यांची मदत म्हणजे विंचवाची गुदगुली. चहाला साखर कमी पडली. मी उठेपर्यंत देवकाबाई म्हणाल्या, "तू बस वो, मी आणते गोदामातून." आणि मी बसले! अजून मला कळत नाही, मी बसले कशी!

इकडे अण्णाजींनी पान पुढे केलं आणि हात जोडून विचारलं,

"तं मंग सदाशिवराव, आमची पोरगी पसंत समजाची का?"

सदाशिवरावांनी घसा साफ केला. चेहरा हसरा झाला. तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी केशरी फेटा डोळ्यांवर घसरलेला कोतवाल बैठकीत घुसला, सदाशिवरावांच्या मांडीला धडकला, पायाने फेटा ओरबाडून काढला, पाय रोवले, आणि आदल्या दिवसाचं सगळं तेल, सगळा लसूण, सगळा काळा चुरा...

फट-फट-फट-फट-फट-फट!

धोतरावर तेलाची नक्षी उमटली. चुरा पोह्यांवर कोथिंबिरीसारखा पसरला. बैठकीत फोडणीचा घमघमाट सुटला. देवकाबाई दारात साखरेचा डबा घेऊन उभ्या होत्या. "माय वो!" त्या म्हणाल्या. "हा कवा निघाला?"

अण्णाजींचा चेहरा पांढरा पडला. जोडलेले हात तसेच राहिले.

पण ताराचंद! तो पाटावरून उतरून सरळ जमिनीवर बसला. "अबे राजा, ये. काय झालं तुले?" म्हणून त्याने कोतवालाचं डोकं मांडीवर घेतलं, कान उलटा केला, वास घेतला. मग मान वर करून म्हणाला,

"लसूण कोनं घातला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"लसूण काऊन वहिनी? चटणी कराची होती का? नुसतं कोमट गोडं तेल सोडलं असतं तं चाललं असतं. हे पाहा." त्याने कानाच्या बुडाशी बोटांनी चोळलं तशी कोतवालाचा मागचा पाय फरशीवर तबल्यासारखा वाजू लागला. "पाय हालते नं? म्हंजे खाज आहे. अन् ही घान पाहा, काळी, कोरडी, चहापत्तीवानी. साधा मळ असा नसते. ह्याच्या कानात किडे झाले. बारीक, टाचणीच्या टोकाहून बारीक. रातदिवस वळवळते आतमंदी. मंग कुत्रा डोकं नाई हालवन तं काय करन?"

"चहापत्तीवानी" ऐकल्यावर सदाशिवरावांनी हातातल्या कपात पाहिलं आणि कप हळूच पाटाखाली सरकवला.

"किडे? दिसत तं नाई," घरचे म्हणाले. चष्मा तेलकट असल्यामुळे त्यांना ताराचंदही नीट दिसत नव्हता.

"काळ्या कपड्यावर दिसतीन." ताराचंदने इकडे तिकडे पाहिलं. खुंटीला अण्णाजींची काळी छत्री होती. त्याने ती काढली, अंगणात उन्हात नेऊन अर्धी उघडली आणि कानातला चुरा कापडावर झटकला. "आता पाहा. पांढरे ठिपके चालते का नाई?"

सदाशिवराव वाकले. "अबे हो बे! चालून राह्यले!"

घरचे वाकले. देवकाबाई वाकल्या. आणि जिने खाली मान घालून बसायचं ती नलू पदर सावरत धावत आली, त्या गर्दीत घुसली आणि ताराचंदच्या डोक्याला डोकं लावून छत्रीवर वाकली.

"अय्या! हा पाहा, हा पळून राह्यला!"

"थो नाई, हा मोठा पाहा!"

आणि दोघंही हसली. मोठ्याने. पाहायच्या कार्यक्रमात मुलगा-मुलगी असं हसलेलं आमच्या गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, जमलं! माझ्या लसणाने जमवलं! छत्री हाच अंतरपाट!

मग ताराचंद सरळ झाला आणि हसत हसतच म्हणाला, "पाह्यलं अण्णाजी? अपशकुन-गिपशकुन काई नाई. किडे हायेत. औषधानं जाते."

अण्णाजी छत्री पाहायला आले नव्हते. ते ओट्यावरच उभे होते.

"हे किडे आत्ता झाले असतीन पोरा," ते हळू आवाजात म्हणाले. "नलूच्या मायले दवाखान्यात नेलं तेव्हाचा तं कुत्रा दुसरा होता."

त्यांनी खाली येऊन छत्री घेतली, बाहेर नेऊन झटकली, मिटली, खुंटीला लावली. पाय धुतले. पाटावर बसून पाणी प्याले. मग म्हणाले, "सदाशिवराव, माफ करजा. आपला योग नाई."

सदाशिवरावांनी घसा साफ केला, आणि या वेळी बोलायचं विसरले नाहीत. "धोतर खराब झालं, चहात कुत्र्याचा कान आला, तरी आमी बसलो होतो! आता आमालेच हौस नाई!" आणि ते तडक निघाले. ताराचंद दारात क्षणभर थांबला. मला म्हणाला, "वहिनी, औषध पाठवतो. त्या जिवाचा काय दोष?"

तो जीव कोणता, हे मी विचारलं नाही. कोतवाल माझ्याजवळ होता आणि नलू दाराआड.

औषध आलं ते एसटीच्या कंडक्टरबरोबर. छोटी बाटली, आणि कंडक्टरच्या तोंडी सूचना. "डॉक्टरसाहेबानं सांगतलं," (ताराचंद डॉक्टर नव्हता, पण आमच्या कंडक्टरने त्याला पहिल्याच फेरीत बढती दिली) "का आधी कापसानं घान पुसजा. काडी आतमंदी नका घालजा. थेंब सोडून कानाचं बूड चोळजा. दोनी कान करजा. अन् बरा दिसला तरी बंद नका करजा, अंडे फुटून नवे किडे निघते. अन् घरात मांजर आहे का?"

मांजर होती देवकाबाईंची, आणि ती आमच्या गोदामात कोतवालाच्याच पोटाशी झोपायची. तिचेही कान तसेच निघाले! तिला औषध घालताना जे झालं त्याच्या खुणा घरच्यांच्या हातावर अजून आहेत.

कोतवालाचं सगळं नलूने केलं. दुपारी ती त्याला अंगणात घेऊन बसायची, कापूस, बाटली आणि बिस्कीट घेऊन. आधी तो बाटली पाहून पळायचा. मग कळलं की चोळणं गोड लागतं आणि नंतर बिस्कीट मिळतं. मग नलू दिसली की स्वतःच कान पुढे करायला लागला.

कंडक्टर येता-जाता विचारायचा, "डॉक्टरसाहेब विचारून राह्यले, खाज कमी झाली का?"

नलू म्हणायची, "सांगजा, रात्री झोपते आता."

पुढच्या फेरीत, "डॉक्टरसाहेब म्हनते, खाते-पेते का नाई?"

"सांगजा, खाते. पण वाट पाहते."

"कायची?"

"औषधाची!"

कंडक्टर आपला सरळ माणूस. शब्दाला शब्द पोचवायचा. मी पुड्या बांधत ऐकायची आणि ज्या पुडीत मीठ घालायचं तिच्यात साखर घालायची.

इकडे मी अण्णाजींच्या मागे लागले. "मामाजी, आज कोतवालानं एकदाच डोकं हालवलं." "मामाजी, आज हालवलंच नाई." ते पान लावत राहायचे. पण एका सकाळी पाहते तर अण्णाजी उकिडवे बसून कोतवालाचा कान उलटा करून आत पाहताहेत. मी भिंतीआड सरकले.

संक्रांत होऊन पौष संपला. एके दिवशी जेवताना अण्णाजी म्हणाले, "सूनबाई, उद्या हिंगणघाटले जातो म्हनतो. सदाशिवरावाची माफी मागतो. पोरगं चांगलं होतं." भाताचा घास कालवत थांबले. "कोतवाल गप राह्यला तं."

नलूने वरण वाढायला घेतलं ते ताटाबाहेर वाढलं.

सकाळी अण्णाजी निघाले. जोडे घातले, छत्री घेतली. आम्ही तिघं श्वास धरून दारात. कोतवाल उंबऱ्याशी. अण्णाजींनी पाऊल बाहेर टाकलं. कोतवालाने त्यांच्याकडे पाहिलं, जांभई दिली, आणि पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडून राहिला. कान जसे काही चिकटवलेले!

अण्णाजी कोपऱ्यावर वळले तशी नलूने कोतवालाला उचलूनच घेतलं. आणि मी? मी गल्लीभर सांगत सुटले. पाहा, बरा केला! म्हटलं नव्हतं, कानाचं मला कळतं!

दुपारच्या आतच अण्णाजी परत आले. इतक्या लवकर हिंगणघाटहून येता येत नाही. हातात नारळ होता, आणि चेहरा? कितीतरी वर्षांनी त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लेकरासारखे हसत होते.

"सूनबाई, गूळ आण! नलूचं जमलं!"

"हिंगणघाटले?"

"अवो, हिंगणघाटपर्यंत जाच लागलं नाई! स्टँडवर पाय ठेवतो तं समोर आर्वीचे लक्ष्मणराव! भाच्यासाठी पोरगी पाहून राह्यले. पोरगा तालुक्याच्या हापिसात आहे, घरचं शेत आहे. आता तूच सांग, इतल्या दिवसानं घरून निघालो, कोतवाल गप, अन् सोयरिक पुढून चालत आली! याच्याहून मोठा शकुन कोनता? तिथंच हाटेलात बसलो, शब्द देल्ला, सुपारी फोडली!"

"पण मामाजी, नलूच्या मनात..."

"काय?" त्यांनी इतक्या आनंदाने माझ्याकडे पाहिलं की पुढचं वाक्य माझ्या तोंडात विरघळलं. घरचे हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, एकदा तिले विचारलं असतं..."

"शब्द गेला वासुदेवा. फुटली सुपारी जुळते का?"

नलू मधल्या दारात होती. हातात औषधाचा कापूस.

"वहिनी," ती म्हणाली, "अण्णाजी उन्हातून आले. पाणी देजो."

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आर्वीची मंडळी यायची त्या सकाळी मी गोदामात गेले. नलू आधीच तिथे होती, नवं लुगडं नेसून पोत्यावर बसलेली, आणि हातात गवताची काडी. कोतवालाच्या कानात ती काडी फिरवत होती.

मी दुसऱ्या कानाशी बसले आणि पिसाने गुदगुल्या करायला लागले.

"हालव ना बे," नलू म्हणाली. "एकदा हालव. पाव्हणे ओट्यावर आले का फक्त एकदा."

कोतवालाने डोळे मिटले. मान माझ्या मांडीवर टाकली. मागचा पाय हळूहळू जमिनीवर वाजवू लागला. महिनाभर आम्हीच त्याला शिकवलं होतं की कानाला हात लागला की सुख असतं!

घरचे आत आले. आमच्याकडे पाहिलं. गुडघे टेकून बसले आणि कोतवालाच्या कानात फुंकर मारली. कोतवालाने त्यांचा चष्मा चाटला.

बाहेरून अण्णाजींचा आवाज आला, "सूनबाई, पाव्हणे आले! अन् कोतवाल कसा आहे?"

"गप आहे मामाजी," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात कंडक्टर आला. "डॉक्टरसाहेब विचारते, आणखी बाटली धाडू का?"

नलू काजं करत होती. दोरा दातांनी तोडला. "सांगजा, पुरता बरा झाला. आता औषध नका पाठवजा."

कंडक्टर खूश झाला. "चांगलं झालं वो बाई!" म्हणाला, आणि घंटी वाजवून गेला. शब्दाला शब्द पोचवला असेल त्याने.

नलूचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आर्वीचा माणूस नीटनेटका, निर्व्यसनी. फक्त हसत नाही. आणि घरात कुत्रा चालत नाही. फरशी मळते म्हणतो. नलू दिवाळीला येते, पिशवी ठेवते, आणि आधी कोतवालाचा कान उलटा करते. वास घेते. "साफ आहे वहिनी," म्हणते, आणि बराच वेळ चोळत बसते.

मागच्या दिवाळीची गोष्ट. नलू सासरी निघाली होती. जावई छत्री घेऊन पुढे, अण्णाजी काठी टेकत पोचवायला. नलूने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. आणि ओट्यावर पडलेला म्हातारा कोतवाल उठला, थरथरते पाय रोवले आणि,

फट-फट-फट-फट!

नलूचं पाऊल तिथेच थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णाजींकडे पाहिलं. काळजात माझ्या कसली आशा उठली, ते माझं मलाच सांगता येणार नाही; आता त्या आशेचा काय उपयोग होता?

अण्णाजी वळले. कोतवालाजवळ गेले. वाकून त्याचा कान उलटा केला, उन्हाकडे धरला, आत पाहिलं.

"चाल नलू, काई नाई होत," ते म्हणाले. "किडे झाले असतीन. अपशकुन-गिपशकुन काई नसते. निघा, एसटी सुटन."

नलू गेली. अण्णाजी वाटभर जावयाला कुत्र्याच्या कानातल्या किड्यांची माहिती देत गेले, काळ्या छत्रीसकट. जावयाने छत्री दुसऱ्या हातात घेतली.

मी कोतवालाला घेऊन आत आले, कापूस शोधला. कानाचं मला कळतं! या हातांनी दोघांना पुरतं बरं केलंय, कोतवालाला आणि अण्णाजींना. फक्त आधी ज्याला करायला हवं होतं, त्याला मागून केलं.